साठवण वेगळी, राखण वेगळी

पालघर तालुक्यातल्या भातशेती करणाऱ्या जुन्या घरांत झोडणी संपली की धान्य दोन ठिकाणी जात असे. खायचे भात मोठ्या कणगीत. बियाण्याचे भात वेगळे. त्याची कणगी लहान, शेणाने नीट लिंपलेली आणि घरातल्या म्हातारीच्या नजरेखाली. खायच्या भातात कोणीही हात घालावा, पण बियाण्याच्या भाताला वैशाखात चूल विझायची वेळ आली तरी हात लावायचा नाही, असा दंडक होता. दाणा दोन्हीकडे एकच. फरक होता तो हेतूचा, आणि त्या हेतूप्रमाणे भांडे, जागा, राखणदार हे सगळेच बदलत होते.

ही कणगी आठवायचे कारण म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. बोईसर किंवा पालघर स्टेशनाबाहेरच्या मोबाइल-संगणकाच्या दुकानात घटकाभर उभे राहिले तर एक वाक्य हमखास कानावर पडते. ‘एक टीबीची द्या. घरचे फोटो पण राहतील आणि पोराच्या प्लेस्टेशनला पण चालेल.’ दुकानदार देतो. त्याचे काय चुकले? गिऱ्हाईक मागेल ते त्याने दिले. पण एवढ्या एका वाक्यात बियाणे आणि खायचे भात एकाच कणगीत ओतले जाते, आणि ते ओतणाऱ्याला आपण फार शहाणपणाची, दोन कामे एका पैशात करणारी खरेदी केली असे वाटत असते. माझा या खरेदीला विरोध आहे. हार्ड डिस्कला नव्हे, तर त्या ‘पण’ या शब्दाला.

मी संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या दोन्ही धंद्यांत एक गोष्ट समान आहे. कागद हरवला की काम संपते. बँकेत तो दुसऱ्याचा पैसा असतो आणि कादंबरीत आपलीच तीन वर्षे. म्हणून या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, असे मी समजतो.

आधी त्या डबीविषयी. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली हार्ड डिस्क असलेला संगणक बाजारात आणला. त्या डिस्कच्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते, आणि एवढ्या अवजड धुडात मावत होते अवघे पाच मेगाबाइट. म्हणजे आजच्या मोबाइलवर काढलेला फार तर एक फोटो. आज सदऱ्याच्या खिशात मावणाऱ्या दोन टेराबाइटच्या डबीत त्याच्या चार लाख पट माहिती मावते. हा चमत्कारच म्हणायचा. मात्र मूळ युक्ती बदललेली नाही. आत तबकडी फिरते, मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला नव्वद. तिच्यावरून एक बारीक डोके केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी अंतर राखून तरंगत असते. चालू असताना धक्का बसला, टेबलावरून पडली, की डोके तबकडीवर घासते आणि आतून ‘टिक्, टिक्’ असा आवाज येऊ लागतो. तो आवाज ज्याने ऐकला त्याला पुढे घड्याळाचीही टिकटिक सहन होत नाही.

एक टीबीची डिस्क संगणकाला लावली की तो ९३१ जीबी दाखवतो. एका निवृत्त गृहस्थांनी मला थांबवून विचारले होते, ‘साहेब, उरलेले ६९ कुठे गेले?’ कुठेही गेलेले नाहीत. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि संगणक १,०२४ च्या. शेर आणि किलो यांच्यासारखा हा मापातला फरक आहे. माप मारलेले नाही. माप मारण्याचा खरा प्रकार वेगळाच आहे. घरबसल्या मागवायच्या बाजारात हजार-दोन हजार रुपयांत ‘सोळा टीबी’ची चकचकीत डबी दिसते. ती उघडली तर आत मोबाइलमध्ये घालायचे लहानसे मेमरी कार्ड निघते आणि संगणकाला खोटा आकडा सांगण्याची त्याला तालीम दिलेली असते. आपण फाइली भरत राहतो, यंत्र ‘भरल्या’ म्हणत राहते, आणि क्षमता संपल्यावरचे सगळे हवेत जाते. रोखपालाच्या हातात खोटी नोट आली की ती स्पर्शाने कळते. इथे स्पर्श उपयोगाचा नाही. किंमतच नोटेचा कागद समजावी. नामांकित कंपनीची एक टीबी ज्या भावाला मिळते त्याहून स्वस्तात कोणी सोळा टीबी देत असेल, तर तो दानशूर नाही.

आता निवड. बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत. खिशात मावणारी फिरत्या तबकडीची डिस्क. तिला संगणकाच्या तारेतूनच वीज मिळते. दुसरी टेबलावर ठेवायची मोठी. तिला स्वतंत्र अ‍ॅडाप्टर लागतो, पण त्याच पैशात जागा जास्त मिळते. तिसरी एसएसडी, तिच्यात फिरणारे काहीच नाही, वेग कितीतरी पट, पडली तरी सहसा बिघडत नाही, आणि तेवढ्याच जागेला किंमत मात्र चांगलीच जास्त. आपल्या भागाचा विचार केला तर टेबलावरची मोठी डिस्क मी घरगुती बॅकअपसाठी घेणार नाही. नक्कल चालू असताना वीज गेली की ती जागीच मरते. खिशातली डिस्क लॅपटॉपला जोडलेली असेल तर लॅपटॉपच्या बॅटरीवर तग धरते. बोईसरला राहणाऱ्या माणसाला यावर अधिक सांगायला नको.

एसएसडीबद्दल लोकांचा एक समज आहे: महाग आहे म्हणजे टिकाऊ असणार. वापरात ती टिकाऊ आहेच. पण कपाटात वर्षानुवर्षे नुसती पडून राहण्यासाठी ती केलेली नाही. तिच्यात माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात कोंडलेली असते, आणि वीज न मिळता दीर्घकाळ राहिली, त्यातही उष्ण जागी राहिली आणि आधीच भरपूर वापरलेली असली, तर तो भार हळूहळू झिरपतो. बियाण्याला अधूनमधून ऊन दाखवावे लागते तसेच हिला अधूनमधून वीज दाखवावी लागते. फिरती तबकडी याबाबत सोशीक, पण तिलाही वर्षातून दोनदा जोडून, फिरवून, उघडून पाहावे हे बरे.

फिरत्या तबकड्यांतही एक पोटभेद आहे. काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे शेजारी-शेजारी लिहितात. काहींत जास्त जागा मिळावी म्हणून ते कौलांसारखे एकमेकांवर चढवतात. मंगलोरी कौलांचे छप्पर शाकारलेला माणूस लगेच समजेल: मधले एक कौल बदलायचे तर त्याच्यावर चढलेली आधी उचलावी लागतात. म्हणून अशी डिस्क एकदा लिहून ठेवायला उत्तम, पण पुन:पुन्हा खोडून लिहायला मंद. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीने सतत चालणाऱ्या साठवण-यंत्रांसाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क या कौलारू जातीच्या होत्या, आणि गिऱ्हाइकाला ते सांगितलेले नव्हते, हे उघडकीला आले आणि बराच गदारोळ झाला. घरच्या फोटोंची प्रत ठेवणाऱ्याला कौलारू डिस्कने काही बिघडत नाही. फक्त खोक्यावर जे छापलेले नसते तेही किमतीचा भाग असते, एवढे लक्षात असावे.

राहता राहिली हवा. सातपाटी, चिंचणी, डहाणू या किनाऱ्याला लोखंडी बिजागऱ्या किती पावसाळे काढतात ते तिथल्या सुताराला विचारा. खारा वारा, चार महिन्यांची ओल, आणि तारापूर औद्योगिक वसाहतीच्या जवळ राहत असाल तर हवेत आणखी काय काय. हे सगळे विजेच्या उपकरणांच्या तांब्या-चांदीला मानवत नाही. बहुतेक फिरत्या डिस्कना श्वासासाठी एक सूक्ष्म छिद्र असते, ते बुजवायचे नाही. पण वापर झाला की डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यात येतात त्या पांढऱ्या दाण्यांच्या दोन पुड्या टाकून ठेवावी. आमच्या घरी ती फरसाणाच्या रिकाम्या डब्यात असते. सौभाग्यवतींनी त्यावर ‘हे खाऊ नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.

आता पोराच्या खेळाकडे येऊ. वाचकांपैकी ज्यांचा या यंत्रांशी संबंध फक्त बिल भरण्यापुरता आला आहे, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगतो.

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आले. पहिल्या यंत्रात जागा ८२५ जीबी, त्यातली गेमसाठी प्रत्यक्ष मोकळी साधारण ६६७. एकेक मोठा गेम शंभर-दीडशे जीबीचा. म्हणजे पाच-सहा गेममध्ये यंत्र भरले, आणि मग मुलगा म्हणतो, ‘बाबा, डिस्क पाहिजे.’ इथे बाबांनी एक प्रश्न विचारावा: गेम नवे की जुने? आधीच्या पिढीचे, म्हणजे प्लेस्टेशन ४ चे गेम बाहेरच्या साध्या डिस्कवरून खुशाल चालतात. प्लेस्टेशन ५ चे खास गेम एप्रिल २०२१ पासून बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवता येतात, पण तिथून खेळता येत नाहीत. खेळायच्या वेळी पुन्हा आत आणावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस यांचेही तेच. कारण साधे आहे. या यंत्रांच्या पोटातली एसएसडी सेकंदाला काही हजार मेगाबाइट वाचते आणि गेम त्या वेगावर बेतलेला असतो. फिरती तबकडी जेमतेम शंभर-सव्वाशे वाचते. तेव्हा नव्या गेमसाठी महागडी बाहेरची एसएसडी घेणे व्यर्थ आहे. ते पैसे यंत्राच्या आत बसणाऱ्या एसएसडीत किंवा एक्सबॉक्सच्या खास कार्डात घालावेत. आणि नुसता गेम बाजूला काढून ठेवायचा असेल तर साधी स्वस्त डिस्क पुरे. शंभर जीबीचा गेम तिच्यावरून आत यायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात मुलाने जेवून घ्यावे.

पण मुद्दा वेगाचा नाही. मुद्दा असा की गेम हरवला तर काय हरवते? काहीच नाही. विकत घेतल्याची नोंद कंपनीच्या दप्तरी असते, रात्रभरात तो पुन्हा उतरवून घेता येतो. जे खरोखर हरवू शकते ते म्हणजे मुलाने सहा महिने खेळून गाठलेला पल्ला. गंमत अशी की ज्या डिस्कला आपण ‘गेमचा बॅकअप’ म्हणतो त्या डिस्कवर तो पल्ला नसतोच. प्लेस्टेशन ५ च्या नव्या गेमची प्रगती सुटी काढून बाहेर ठेवता येत नाही. ती एकतर वर्गणी भरून कंपनीच्या क्लाउडवर जाते, नाहीतर अख्ख्या यंत्राचा एकत्रित बॅकअप घ्यावा लागतो. म्हणजे त्या डिस्कवर जे आहे ते पुन्हा मिळणारे, आणि पुन्हा न मिळणारे भलतीकडेच. खायचे भात म्हणतात ते हे.

आणि आता त्या ‘पण’ची किंमत. गेमचे यंत्र बाहेरच्या डिस्कला जवळ करते ते आपल्या पद्धतीने आखून घेतल्यावरच. आखून घेणे म्हणजे आधीचे सारे पुसणे. नंतर ती डिस्क संगणकाला लावली तर संगणकाला ती वाचताही येत नाही.

पालघरमधले एक शिक्षक माझ्या ओळखीचे आहेत. वारली कुटुंबातले, घराण्यात शिकलेले पहिले. त्यांची आत्या विक्रमगडकडे धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भट नसतो, लग्न लावते ती धवलेरी, आणि लावते ते गाण्यांनी. ती गाणी कुठे लिहिलेली नसतात. एका धवलेरीकडून दुसरीकडे जातात. गुरुजींनी दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या आत्यापाशी बसून मोबाइलवर तिची गाणी ध्वनिमुद्रित केली होती. मोबाइल भरला म्हणून ती हार्ड डिस्कवर हलवली, आणि मोबाइलमधून काढून टाकली. ‘बॅकअप घेतलाय,’ असे ते सांगत. पुढे आत्या गेली. त्यानंतरच्या दिवाळीत घरात गेमचे यंत्र आले, पाठोपाठ जागा कमी पडली, आणि मुलाने टीव्हीखालच्या कप्प्यातली डिस्क काढून जोडली. यंत्राने रीतसर विचारले: या डिस्कवरचे सगळे पुसले जाईल, चालेल? तेरा वर्षांच्या मुलाने ‘हो’ म्हटले. तेवढ्यावर थांबले असते तर बहुधा काही हाती लागले असते. पाटी पुसली तरी खडूच्या खुणा काही काळ राहतात. पण लगेच दोन मोठे गेम त्याच डिस्कवर चढले. मुंबईला नेऊन दाखवली, तर दुरुस्ती करणाऱ्यांनी हात टेकले.

‘मुलाला रागावलात का?’ मी विचारले. ‘कशाला रागावू, साहेब?’ गुरुजी म्हणाले. ‘यंत्राने त्याला विचारलं होतं. मला कोणी विचारलंच नव्हतं.’

त्यांच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. मोबाइलमधून काढून डिस्कवर ठेवणे म्हणजे बॅकअप, असे आपल्याकडे शंभरातली बहुतेक माणसे समजतात. तो बॅकअप नव्हे, ते स्थलांतर. आधी एक प्रत एका ठिकाणी होती, आता एक प्रत दुसऱ्या ठिकाणी आहे. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. पहिली जागच्या जागी असताना केलेली. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ च्या आपल्या पुस्तकातून एक सूत्र लोकप्रिय केले. तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर. जगभर ते सांगितले जाते. बँकेतल्या माणसाला त्यात नवे काही वाटत नाही.

आमच्या प्रत्येक शाखेत तिजोरीच्या किल्ल्या दोघांच्या ताब्यात असत. एकट्याने तिजोरी उघडता येत नसे. आणि त्या किल्ल्यांचा दुसरा जुडगा त्याच शाखेत कधीच नसे. तो लाखेने बंद करून दुसऱ्या शाखेत ठेवलेला असे आणि ठरल्या मुदतीने बदलून घेतला जाई, म्हणजे दोन्ही जुडगे वापरात राहत, गंजत नसत. १९८० च्या दशकात रंगराजन समितीच्या शिफारशी आल्या आणि युनियनच्या विरोधातून वाट काढत शाखांत लेजर पोस्टिंगची यंत्रे दाखल झाली, तेव्हा हीच शिस्त फ्लॉपीला लागू झाली. दिवसअखेर फ्लॉप्यांचे दोन संच. एक शाखेत, एक बाहेर. रजिस्टरमध्ये वेळ आणि सही. आज त्या फ्लॉपीत मावणाऱ्या १.४४ मेगाबाइटमध्ये एक धड फोटो बसणार नाही, पण कित्येक खातेदारांच्या शिलकी तिच्यावर सुखरूप राहिल्या त्या सहीमुळे.

तिथेच आणखी एक गोष्ट शिकलो. बॅकअप ‘घेतला’ याला किंमत नाही. तो ‘परत चढला’ याला किंमत आहे. आमचे एक वरिष्ठ तपासणीला आले की रजिस्टर बघतच नसत. कुठलीही एक फ्लॉपी उचलून म्हणत, ‘ही उघडून दाखवा.’ घरातही हेच करावे. डिस्क जोडून २०१४ सालच्या गणपतीचा एखादा फोटो उघडून पाहावा, एखादा व्हिडिओ शेवटपर्यंत चालवावा. ३१ मार्च हा दिवस २०११ पासून जगात बॅकअप दिवस म्हणून पाळतात. बँकवाल्याला त्या तारखेची आठवण करून द्यावी लागत नाही, क्लोजिंगची ती रात्र हाडात भिनलेली असते. इतरांनी दिनदर्शिकेवर खूण करावी.

डिस्क कायम संगणकाला जोडलेली ठेवू नये, हे पथ्यही महत्त्वाचे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाच्या विषाणूने मर्स्क या जहाज कंपनीचे जगभरचे संगणक काही तासांत निकामी केले. आपल्या न्हावा-शेव्याला जवाहरलाल नेहरू बंदरातल्या त्यांच्या टर्मिनलचेही काम ठप्प झाले. कंपनीच्या सगळ्या जाळ्याचा नकाशा ज्या दीडशेच्या आसपास सर्व्हरांवर होता त्या सर्वांत एकमेकांची प्रत होती. पण सगळे एकमेकांना जोडलेले, म्हणून सगळे एकदमच गेले. वाचला एकच, घाना देशातला. का? हल्ला झाला तेव्हा तिथे वीज गेली होती. त्या सर्व्हरची डिस्क मग माणसांनी हातोहात विमानाने, नायजेरियामार्गे, इंग्लंडला पोहोचवली आणि तिच्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लोडशेडिंगचे असे उपकार बोईसरकरांवर कधी झाल्याचे ऐकिवात नाही. पण बॅकअपची डिस्क तारेवेगळी असावी, हे त्यातून कळते.

कोणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला? क्लाउड आहे की. आहे, आणि वापरावा; माझ्या हस्तलिखितांची एक प्रत तिथे असते. पण ते भाड्याचे घर आहे. गुगल फोटोजने अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली, तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळले की आपण भाडेकरू आहोत. हप्ता थांबला, पासवर्ड विसरला, खाते काही कारणाने गोठले, की दारात उभे राहून हाक मारायला तिथे कोणी नसते. क्लाउड ही दुसरी शाखा समजावी. आपली तिजोरी नव्हे.

आमच्या या भागाला हे सगळे जरा जास्त लागू आहे, असे मला वाटते. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली चालू झाल्या. पुढे तिसऱ्या-चौथ्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. ती उठली तेव्हा घरोघरी खिशात कॅमेरा नव्हता. आज तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, तुमचे घर कसे होते? तो हाताने हवेत अंगण काढून दाखवतो, इथे विहीर, इथे होडी ओढायची वाट. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदर असावे की नसावे हा आजचा विषय नाही, त्यावर किनाऱ्याची मते सर्वांना ठाऊक आहेत. पण वाढवण, वरोर, चिंचणीच्या घरांतून आज मोबाइल आहेत, आणि त्यांत ओहोटीचा खडक, वाळत घातलेले बोंबील, नारळी पौर्णिमा, कोणाची कुठली वाट, हे सगळे आपोआप टिपले जात आहे. पुढे पंचवीस वर्षांनी एखाद्या नातवाने विचारले तर दाखवायला, किंवा एखाद्या कचेरीने पुरावा मागितला तर पुढे ठेवायला, तेवढेच असणार. ते आज कुठे आहे? मोबाइलमध्ये, आणि मोबाइल भरला की टीव्हीखालच्या कप्प्यातल्या, गेमही ठेवलेल्या डिस्कमध्ये.

माझे म्हणणे म्हणून इतकेच, की एका महाग डिस्कऐवजी दोन साध्या घ्याव्यात, आणि गेमसाठी लागलीच तर तिसरी, वेगळ्या रंगाची. दोन साध्यांवर तेच ते उतरवावे. एक आपल्या घरी, दुसरी दुसऱ्याच्या. माझी दुसरी डिस्क बोईसरला एका मित्राकडे असते आणि त्याची माझ्याकडे पालघरला. मध्ये एक उमरोळी स्टेशन, दहा-बारा किलोमीटर. आग, चोरी, वीज पडणे, नातवंडे, ही संकटे सहसा एवढा प्रवास करत नाहीत. मोठ्या भूकंप-पुराची धास्ती असेल (२०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडच्या लोकांनी धक्क्यांचे दिवस पाहिले आहेत) तर तिसरी प्रत पुण्याला किंवा कोल्हापूरला बहिणीकडे द्यावी. दर सहा महिन्यांनी आम्ही दोघे डिस्क बदलतो, सोबत चहा होतो, आणि वहीत तारीख पडते. आम्ही सहीही करतो. सवय.

शेवटचा प्रश्न कुलपाचा. दुसऱ्याच्या घरी ठेवायची तर डिस्कला पासवर्ड हवा, आणि तिथे आणखी एक खड्डा आहे. महानुभावांचे उदाहरण बोलके आहे. लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली आणि अनुयायांनी ते आठवणीतून पुन्हा सिद्ध केले, असे परंपरा सांगते. दुसरी प्रत नसण्याची किंमत त्यांनी अशी मोजली. मग त्यांनी ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ राहिले, पण पंथाबाहेरच्या कोणालाही ते शतकानुशतके वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे आणि ठाण्याचे वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ती लिपी अभ्यासकांपुढे उलगडली तेव्हा मराठीच्या आद्य गद्याचे दालन उघडले. तिथे निदान किल्ली जाणणारे महंत जिवंत होते. आपल्या डिस्कची किल्ली फक्त आपल्या डोक्यात असते, आणि डिस्कला बँकेच्या खात्यासारखा नॉमिनी लावता येत नाही. गेमच्या यंत्राने आखलेली डिस्क तर पासवर्ड नसूनही इतरांना सकळ लिपीच.

गुरुजींनी अलीकडे दोन डिस्क घेतल्या. आत्याच्या गाण्यांपैकी काही त्यांनी कधीकाळी एका चुलत बहिणीला मोबाइलवर पाठवली होती, ती तिच्याकडे निघाली. सगळी नाहीत, चार. त्या चार गाण्यांसाठी दोन डिस्क म्हणजे दुकानदाराला अंमळ नवल वाटले. एक पालघरला आहे, दुसरी त्या बहिणीकडे. पासवर्ड ठेवावा का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हटले, गाण्यांना कशाला? डबीवर ठळक अक्षरांत आत्याचे नाव लिहा, आणि खाली मुलाच्या हातून लिहून घ्या की ही गेमची नाही.